दुसऱ्या खटक्याला पार्किंग मेली पाहिजे

पोस्ट लांब आहे आणि जरा तिखटही आहे. जुन्या गाडीचा फोटो पाहून नुसतं ‘वा वा, क्या बात’ लिहायचं असेल त्यांनी इथंच थांबलं तरी माझी हरकत नाही.

झालं असं. आपल्या सौंसरकडच्या एका पोराने जुनी जीप घेतली, वर्षभर तिच्यावर पैसा ओतला आणि गेल्या हिवाळ्यात रामाकोन्याच्या रस्त्यावर ती पेटता पेटता वाचली. रात्रीची वेळ, हेडलाईट चालू, आणि डॅशखालून धूर. पोट्टं हुशार निघालं. उतरलं, बोनेट उघडलं आणि पान्याने बॅटरीची तार सोडवली. तोवर हेडलाईटला जाणाऱ्या वायरीचं आवरण वितळून त्याच्या चपलेजवळ ठिबकत होतं. हात भाजला, बाकी काही नाही. शेजारी त्याची गरोदर बायको बसली होती, हे त्याने मला तिसऱ्या भेटीत सांगितलं.

वायर कुठं घासली ते लगेच सापडलं, रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्याला. वायर घासणं हे जीपचं जुनंच दुखणं आहे. पण वायर घासली म्हणून अख्खा गुच्छा जळायला नको होता. तो जळला, कारण मध्ये त्याला थांबवणारं कोणी नव्हतं. ते काम लाईटच्या स्विचचं होतं, आणि स्विच खोटा होता.

खोटा म्हणजे नकली नव्हे. जुनाच होता, पितळी होता, भारीही होता. पण ज्या नावाने विकला गेला ते नाव खोटं. पाकिटावर लिहिलं होतं, ‘ओरिजिनल अमेरिकन, विलीज जीप, वर्ल्ड वॉर’. किंमत साडेचार हजार. विकणारा कोण, कुठला, ते मी लिहिणार नाही. एकाचं नाव घेऊन उपयोग नाही, ही सगळी बाजाराचीच रीत झाली आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा रिटायर्ड मास्तर, याला स्विचमधलं काय कळते? बरोबर आहे. मला जे कळतं ते माझ्या बाबांचं. पांढुर्ण्याच्या बस स्टँडजवळ त्यांचं टिनाचं दुकान होतं, पाटीवर ‘बॅटरी चार्जिंग व ऑटो वायरिंग’. जुन्या लोकांना आठवत असेल. शाळा सुटली की मी तिथं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणून तेवढं दुकान बंद, बाकी बाराही महिने चालू.

त्या काळी गावातून जाणाऱ्या गाड्यांची गंमत अशी होती की आज ऐकून खोटं वाटेल. युद्ध संपल्यावर अमेरिकन फौजेच्या जीपा आणि ट्रक इथंच डिस्पोजलमध्ये विकले गेले, त्यातल्या काही फिरत फिरत खाणवाल्यांकडे, जंगलच्या ठेकेदारांकडे आल्या. मुंबईला जनरल मोटर्सने १९२८ पासून शेवरोलेट जुळवायला सुरुवात केली होती, तशी एखादी गाडी जुन्या मालगुजाराच्या वाड्यात उभी असायची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्याला क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, डिसोटो काढल्या. संत्र्याच्या पेट्या वाहणारे डॉज आणि फार्गो ट्रक तर बाबांचं रोजचं गिऱ्हाईक. आणि महिंद्राच्या जीपा. त्यांचा नकाशा अमेरिकन विलीजचा, पण पुढं पुढं आतली वीज बरीचशी देशी, लुकासच्या घराण्यातली. म्हणजे एकाच जीपमध्ये अमेरिकन खटका, विलायती डायनामो आणि नागपूरहून आणलेली वायर. १९५६ साली आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण स्विच आणायला भोपाळला गेलेला मिस्त्री मी पाहिला नाही.

मोडक्या गाड्यांतून काढलेले स्विच बाबा फेकत नसत. दुकानात डालड्याचे तीन डबे होते. एकावर खडूने ‘अमेरिकन’, दुसऱ्यावर ‘विलायती’, तिसऱ्यावर ‘माहीत नाही’. रोज संध्याकाळी एखादा स्विच तिसऱ्या डब्यातून निघून पहिल्या किंवा दुसऱ्या डब्यात जायचा. पण महिनोन् महिने तिसऱ्यातच पडून राहिलेलेही कितीतरी होते. गिऱ्हाईक घाई करायचं, ‘मिस्त्री, देऊन टाका ना यातलाच एक, लागते तर लागते.’ बाबा म्हणायचे, “मलेच ठाऊक नाही तो काय आहे, तुले कसा देऊ?”

माझं भांडण इथंच आहे. आजच्या बाजारात तिसरा डबा नाही. सगळंच ‘ओरिजिनल’. ज्याच्यावर काही वाचता येत नाही ते ‘रेअर’, आणि ज्याच्यावर इंग्रजी दोन अक्षरं दिसली ते ‘अमेरिकन’. अरे, इंग्रजी तर बर्मिंगहॅमचा माणूसही लिहितो!

ओळखायचं कसं, ते सांगतो. यात गुपित काही नाही, आणि बाबांनी कधी लपवलंही नाही.

पहिली गोष्ट, घासायचं नाही. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवायचं, सकाळी जुन्या टूथब्रशने माती काढायची, बस. आजचे हुशार लोक काय करून राहिले आहेत? बफिंगच्या चाकावर धरून स्विच आरशासारखा चमकवतात. त्या चमकीत पत्र्यावर ठोकलेली बारीक अक्षरं, नंबर, मुलामा, सगळं उडून जाते. म्हणजे त्याचं आधार कार्ड जाळायचं आणि मग त्याला नाव देऊन विकायचं. स्विच जेवढा जास्त चमकतो तेवढा माझा संशय वाढतो.

अक्षरं वाचता आली तरी हुरळून जायचं नाही. डेल्को-रेमी हे जनरल मोटर्सच्या घरातलं नाव. ऑटो-लाईटचं सामान विलीज आणि क्रायस्लरच्या गाड्यांत भरपूर. युद्धातल्या ज्या जीपा फोर्डने बनवल्या, त्यांच्या पार्टांवर, अगदी बोल्टांवरसुद्धा, ‘एफ’ अक्षर असायचं. पण हे सगळं बनवणाऱ्याचं नाव झालं, गाडीचं नाही. त्याच कंपनीचा खटका ट्रकला लागतो, ट्रॅक्टरला लागतो, जनरेटरलाही लागतो. डेल्को वाचलं आणि शेवरोलेट ठरवून टाकली, हे म्हणजे माचीस पाहून चूल कोणाची ते सांगण्यासारखं.

मग स्क्रू. हे बाबांचं खास. तारा आवळायचे जे बारके स्क्रू असतात, त्यांचा आटा पाहायचा. अमेरिकन मालात बहुतेक १०-३२ किंवा ८-३२ चा इंची आटा. जुन्या विलायती लुकासमध्ये बीए आटा. आता मजा अशी की २ बीए आणि १०-३२ हे जवळजवळ जुळे भाऊ. एक ४.७ मिलिमीटरचा, दुसरा ४.८३ चा, आट्यातलं अंतरही केसभर वेगळं. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जातो आणि अडतो. अनाडी माणूस तिथं पक्कड लावतो. बाबा तिथं थांबायचे. अडला की त्यांना कळायचं. बोटांनीच कळायचं, डोळे दुसरीकडे असायचे.

आणि शेवटी टेस्ट बल्ब. बॅटरी, एक बल्ब, दोन तारा. यावर माझं सगळ्यात जास्त म्हणणं आहे, कारण हे कोणीही घरी करू शकतो आणि कोणीही करत नाही. जुन्या अमेरिकन लाईट स्विचला बहुतेक दोन खटके असतात. पहिल्याला पार्किंग आणि मागची लाल. दुसऱ्याला हेडलाईट आणि मागची लाल. पण दुसऱ्या खटक्याला पार्किंग विझते! अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंतच्या गाड्यांची पद्धतच अशी होती, की हेडलाईट लागली की पुढची पार्किंग बंद. विलायती पद्धतीत हेडलाईट लागली तरी साईडच्या बत्त्या चालूच राहतात. बाबा म्हणायचे, “दुसऱ्या खटक्याले पार्किंग मेली पाहिजे. जिती राहिली त समज पाहुणा लंडनचा आहे.”

रामाकोन्याच्या जीपमधला तो साडेचार हजारांचा स्विच मी टेबलावर घेतला. आधी आटा पाहिला. घरातला एक १०-३२ चा नट लावला, दोन फेरे गेला आणि अडला. मग बल्ब लावला. पहिला खटका, पार्किंग लागली. दुसरा खटका, हेडचं टर्मिनल जिवंत, आणि पार्किंगही तशीच जिवंत. मागच्या बाजूला पाहिलं, नुसता बेकलाईट. ब्रेकरचा पत्ता नाही.

ब्रेकरचं समजून घ्या, कारण त्या पोराची जीप यावर जळत होती. पुष्कळ अमेरिकन लाईट स्विचच्या पाठीवरच एक छोटी डबी असते, आत दोन धातूंची जोडपट्टी. करंट जास्त झाला की ती तापून वाकते आणि सर्किट तोडते, थंड झाली की परत जोडते. तार पत्र्याला टेकली तर हेडलाईट उघडझाप करू लागते. ड्रायव्हरला कळते की काहीतरी बिघडलं, आणि वायरही जळत नाही. काही स्विचला ब्रेकरच्या जागी फ्यूज असतो. म्हणजे ज्या गाडीत संरक्षण स्विचच्या पाठीवर बसवलेलं आहे, तिथला स्विच काढून साधा खटका लावला की संरक्षणही गेलं. या पोराने वायरिंग जुन्या नकाशाप्रमाणे अगदी इमानदारीने केलं होतं, वेगळा फ्यूज टाकला नाही. त्याचा भरवसा ‘ओरिजिनल’ या शब्दावर होता.

मी त्या विकणाऱ्याला फोन लावला. शांतपणेच बोललो. त्याचं उत्तर, “काका, तुम्ही कायले एवढं खोदून राहिले? लाईट लागते ना?” लागते रे बाप्पा, लागते. लाईट तर आगपेटीनेही लागते.

सहा आणि बारा व्होल्टचा गोंधळ तर विचारूच नका. अमेरिकन गाड्या साधारण १९५३ ते १९५६ च्या दरम्यान सहावरून बारावर गेल्या, विलीजला थोडा जास्त वेळ लागला. लोक विचारतात, ‘हा स्विच सहाचा की बाराचा?’ अहो, खटका म्हणजे बल्ब नाही. त्याला प्रश्न करंटचा आहे. ४५ वॅटच्या दोन हेडलाईट सहावर १५ अँपिअर ओढतात, बारावर साडेसात. म्हणून बाराच्या गाडीतला नाजूक स्विच सहाच्या गाडीत घातला की गरम होतो. उलट केलं तर चालतं, असं दुकानदार सांगतात. खटका चालतो, हे खरं. पण त्याच्या पाठीवरचा ब्रेकर सहाच्या मोठ्या करंटच्या हिशोबाने बसवलेला असतो, तो बाराच्या गाडीत फार उशिरा जागा होतो. हे कोणी सांगत नाही. आणि स्विच पाहून ‘पॉझिटिव्ह अर्थची गाडी होती’ असं छातीठोक सांगणारे भेटले तर त्यांना चहा पाजून वाटेला लावा. त्या काळातल्या फोर्ड आणि क्रायस्लरमध्ये पॉझिटिव्ह अर्थ होता, जनरल मोटर्स आणि विलीजमध्ये निगेटिव्ह, हे बरोबर. पण ते स्विचवरून दिसत नाही.

एक किस्सा सांगतो. फौजी जीपच्या लाईट स्विचला बाजूला एक बारीक बटण असतं. पहिल्या खटक्याला ब्लॅकआऊटची मिणमिणती बत्ती लागते. पुढं पूर्ण लाईट लावायची असेल तर ते बटण दाबल्याशिवाय दांडा बाहेरच येत नाही. अंधारात चुकून कोणी लखलखाट करू नये आणि वरून विमानाला दिसू नये म्हणून. आता हा खरा अमेरिकन युद्धातला स्विच, ज्याच्या नावावर सगळा बाजार चालतो. आणि तो हातात आला की हेच बाजारवाले काय करतात? ‘जाम आहे’ म्हणून दांडा पकडीने ओढतात. असा ओढून मोडलेला एक मी स्वतः पाहिला आहे, साठ रुपयांत भंगारात पडलेला. बनावटीला साडेचार हजार, खऱ्याला साठ रुपये.

आता दुसरी बाजू. सौंसरचाच एक दोस्त मला म्हणाला, “मास्तर, दीडशे रुपयांचा नवा खटका लावा, एक रिले टाका, फ्यूज टाका, झकास. कायले जुन्याच्या मागे लागता?” मी म्हणतो, अगदी बरोबर. रोज चालवायची जीप असेल तर हेच करा. सत्तर वर्षांचा बेकलाईट तडकतो, आतले संपर्क काळे पडतात, खरा अमेरिकन असला तरी त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. बाबांनीही कितीतरी डॉजना देशी खटके लावले आणि बिलावर ‘देशी’ लिहून दिलं. माझा विरोध नव्याला नाही, विलायती मालालाही नाही. लुकासचा स्विच वाईट नसतो. तो अमेरिकन म्हणून विकणं वाईट. कारण पुढचा माणूस त्या नावावर बाकीचं वायरिंग ठरवतो.

२०२१ पासून केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी सुरू केली. नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीला वीस हजार फी. चांगली गोष्ट आहे. पण नियमाचं लक्ष चासी, बॉडी, इंजिनावर. डॅशखाली कोण वाकून पाहणार? त्यामुळे गाडी कागदावर विंटेज होते, आणि जुन्या सामानाचा भाव वर जातो. भाव वर गेला की ओळखणारा वाढायला पाहिजे होता. वाढला फक्त विकणारा.

ओळखणारे होते ना! आपल्याच गावात होते. पांढुर्ण्यात होते, सौंसरला होते, लोधीखेड्याकडे एक काका तर नुसता खटक्याचा आवाज ऐकून सांगायचे. त्यांना आपण काय म्हटलं? ‘मिस्त्री’. काळे हात, बिडी, उधारी. त्यांच्यापैकी कोणी काही लिहून ठेवलं नाही, आणि आम्ही त्यांची शिकलेली मुलं. आम्हाला लिहिता येत होतं, आम्हीही लिहिलं नाही.

हे मी दुसऱ्यांना बोलतो आहे असं समजू नका. बाबा गेल्यावर वर्षभराने दुकान रिकामं करायचं होतं. मला बदलीच्या गावी जायची घाई. कबाडी आला. त्याने ‘अमेरिकन’ डबा ओतला, पितळ पाहिलं, खूश. ‘विलायती’ ओतला, खूश. दोन्ही किलोने गेले. किती पैसे आले ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचीच लाज वाटते. बाबांची एक वही होती, कोणत्या स्विचला कितव्या खटक्याला काय लागतं त्याची, पेन्सिलने काढलेले गोल आणि रेघा. ती रद्दीत गेली. आई म्हणाली होती, “ते वही राहू दे, त्यात त्याइचं अक्षर आहे.” मी म्हटलं, आई, तेल लागलेलं आहे, उंदरं येतील.

तिसरा डबा मात्र कबाड्याने घेतलाच नाही. त्यात बेकलाईट जास्त, पितळ कमी. म्हणाला, “ये माल का भाव नहीं आता, गुरुजी.” म्हणून बाबांच्या आयुष्यभराच्या कामातलं माझ्याकडे जे उरलं आहे ते सगळं ‘माहीत नाही’ आहे.

रिटायर झाल्यावर मी तो डबा उघडला. एकेक स्विच रॉकेलमध्ये टाकतो, आटा पाहतो, बल्ब लावतो. आतापर्यंत अकरा ओळखले. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, त्यावर काय पाहिलं ते लिहिलं, आणि ज्याची खात्री नाही तिथं तसं लिहिलं. त्या पोराला त्यातलाच एक दिला, ऑटो-लाईटचा, पाठीवर ब्रेकर असलेला. फुकट. आणि वेगळा फ्यूजही टाकायला लावला. ब्रेकरही म्हाताराच आहे शेवटी.

तर ज्यांच्या घरी, माळ्यावर, गोठ्यात असा एखादा डबा आहे त्यांना विनंती. कबाड्याला देण्याआधी थांबा. चमकवू नका. आणि कृपा करून मला फोटो पाठवू नका. फोटोत आटा दिसत नाही, खटका ऐकू येत नाही. रविवारी सकाळी सौंसरला घरी या, स्विच घेऊन या, आणि तो कोणत्या गाडीतून निघाला हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून या. विकत घेणाऱ्यांनो, दुकानदाराला फक्त एवढं म्हणा, ‘भाऊ, बल्ब लावून दाखवा.’ दाखवत नसेल तर पैसे खिशात ठेवा.

डब्यात सध्या एक स्विच आहे ज्याने मला दोन महिने छळलं आहे. पाच टर्मिनल, अक्षर एकही नाही. दुसऱ्या खटक्याला पार्किंग साफ मरते, म्हणजे अमेरिकन. आणि स्क्रू २ बीएचे, म्हणजे विलायती. कोणी मधेच आटे बदलले का, की आपल्याच देशात कोणी अमेरिकन नकाशावर विलायती स्क्रू लावून बनवला, की बाबांनीच कधी दुरुस्त केला, काही सांगता येत नाही. चिठ्ठीवर दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत आणि तो परत तिसऱ्या डब्यात टाकला आहे.